नाताळची तयारी आणि शेजारधर्म : पोर्ट ऑफ स्पेनमधील बराकींच्या वस्त्यांचा एक अभ्यास

१

कॅरिबियन बेटांच्या इतिहासाचे लेखन दीर्घकाळ साखर, गुलामगिरी आणि युरोपीय सत्तांची स्पर्धा या तीन सूत्रांभोवतीच फिरत राहिले. मळेवाल्यांचे हिशेब, गव्हर्नरांचे खलिते आणि मिशनऱ्यांची पत्रे ही साधने विपुल असल्यामुळे तसे होणे स्वाभाविकही होते. परंतु या साधनांतून मळा जितका स्पष्ट दिसतो, तितके शहरातील गरिबाचे घर दिसत नाही. दास्यमुक्तीनंतर शहरात येऊन एका खोलीत संसार थाटणाऱ्या माणसांनी आपली तुटपुंजी मिळकत कशी सांभाळली, शेजाऱ्याशी देवघेव कोणत्या नियमांनी केली आणि सणाच्या दिवशी आपले दार कोणासाठी उघडे ठेवले, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेत बऱ्याच उशिराने आले.

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथील बराकींच्या वस्त्या आणि तेथील नाताळ हा या प्रश्नांच्या अभ्यासाला अत्यंत उपयुक्त असा विषय आहे. ज्या वस्तीत एका नळावर अनेक कुटुंबे पाणी भरीत, तेथेच डिसेंबरात नवे पडदे लागत, आसनांना रोगण चढे, महिनोन्‌महिने रममध्ये मुरलेल्या सुक्या मेव्याचा केक भाजला जाई आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती काही ना काही पडे. वरवर पाहणाऱ्यास ही गरिबांची उधळपट्टी वाटते, आणि तसा आक्षेप सुखवस्तू वर्गाने वेळोवेळी घेतलेलाही आहे. हा आक्षेप कितपत खरा आहे, आणि या औदार्यामागे कोणती सामाजिक व्यवस्था उभी होती, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

या औदार्याचा उगम शोधावयाचा तर प्रथम गुलामगिरीच्या काळातील नाताळ पाहिला पाहिजे. त्रिनिदाद १७९७ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते. १७८३ च्या स्पॅनिश फर्मानाने कॅथलिक वसाहतकऱ्यांना तेथे जमिनी देऊ केल्यावर फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह मोठ्या संख्येने आले; १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. राज्यकर्ते बदलले तरी मळ्यावरील एक रिवाज सर्व ब्रिटिश बेटांत साधारण सारखाच राहिला. नाताळच्या सुमारास गुलामांना दोन-तीन दिवसांची सुटी मिळे आणि धन्याकडून खारवलेले मांस किंवा मासे, पीठ, रम आणि कापड यांचे वाटप होई. वर्षभर ज्यांच्याकडून चाबकाच्या धाकाने काम करून घेतले, त्यांना या दिवसांत नाचगाण्याची मोकळीक असे.

हे वाटप दान म्हणून केले जाई. परंतु त्यात धन्याचा हिशेब होता. घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे आणि जानेवारीत निमूटपणे ऊसतोडणीस लागावे, ही त्यामागील अपेक्षा. असे असूनही धन्याचा या दिवसांवर विश्वास नव्हता. सुटी, रम आणि जमाव ही तिन्ही एकत्र आली की उठावाची भीती त्याला ग्रासू लागे. म्हणूनच त्रिनिदादमध्ये नाताळच्या दिवसांत लष्करी कायदा पुकारून गोऱ्या नागरिकांच्या पथकांना शस्त्रे घेऊन सज्ज ठेवण्याची प्रथा पडली. १८०५ च्या डिसेंबरात असाच एक कट उघडकीस आल्याचे जाहीर झाले. चौकशीत असे दिसले की, गुलामांनी नाच आणि मेजवान्या यांसाठी स्वतःची मंडळे स्थापन केली होती व त्यांत राजे, राण्या आणि इतर मानकरी नेमले होते. कट कितपत खरा होता हा प्रश्न बाजूला ठेवला तरी मंडळांच्या पुढाऱ्यांना देहदंड झाला, ही वस्तुस्थिती राहते. धन्याने दिलेल्या मेजवानीपेक्षा गुलामांनी आपापसांत वर्गणी काढून भरविलेली मेजवानीच सत्तेला अधिक धोक्याची वाटली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

जमेकात ही भीती खरी ठरली. २७ डिसेंबर १८३१ रोजी, नाताळची सुटी संपत असताना, तेथील पश्चिम भागात केन्सिंग्टन मळ्याला आग लागली आणि सॅम्युअल शार्प या बॅप्टिस्ट उपदेशकाच्या प्रेरणेने चाललेल्या चळवळीने मोठ्या उठावाचे रूप घेतले. उठाव निर्दयपणे मोडला गेला. शेकडो गुलाम लढाईत आणि त्यानंतरच्या खटल्यांत प्राणास मुकले. शार्प यांस २३ मे १८३२ रोजी फाशी झाली. पुढील वर्षीच ब्रिटिश पार्लमेंटने दास्यमुक्तीचा कायदा संमत केला. १ ऑगस्ट १८३४ रोजी त्याचा अंमल सुरू झाला आणि सक्तीच्या उमेदवारीचा काळ १८३८ मध्ये संपल्यावर मुक्ती पूर्ण झाली. धन्याचे वाटप यापुढे हक्क म्हणून उरले नाही आणि उपकार म्हणूनही. नाताळ कसा साजरा करावयाचा, हे आता मुक्त झालेल्या माणसांनीच ठरवावयाचे होते.

३

मुक्तीच्या वेळी त्रिनिदादमध्ये सुमारे २०,००० गुलाम होते. त्यांपैकी अनेकांनी मळे सोडले. काहींनी पडीक जमिनीवर झोपड्या घातल्या, तर काही पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेस, कोरड्या नदीच्या पलीकडे आणि लाव्हेंटीलच्या टेकड्यांवर वसले. १८४१ ते १८६७ या काळात इंग्रजी आरमाराने गुलामवाहू जहाजांतून सोडविलेले काही हजार आफ्रिकी लोक येथे आणले गेले. त्यांत योरुबा लोकांचा भरणा लक्षणीय होता. बार्बाडोस व इतर लहान बेटांतूनही माणसे कामाच्या शोधात आली. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १,४४,००० हिंदी मजूर करारावर आणले गेले. त्यांतील बहुसंख्य गंगेच्या खोऱ्यातील असून त्यांची वस्ती मुख्यतः ऊसमळ्यांच्या मुलुखात झाली. मदीरा बेटावरील पोर्तुगीज आणि दक्षिण चीनमधील चिनी हेही करारी मजूर म्हणून आले आणि लवकरच किरकोळ दुकानदारीत शिरले. या सर्वांच्या सरमिसळीतून शहरातील गरिबांचा नाताळ घडला.

शहराच्या रस्त्यांवरून जाणाऱ्यास दुकानांच्या आणि घरांच्या दर्शनी भिंती तेवढ्या दिसत. त्यांमागे अरुंद बोळातून गेले की आवार लागे. आवाराच्या कडेने लाकडी बराकींची रांग असे. एका लांब इमारतीत फळ्यांचे आडोसे घालून सुमारे दहा फूट लांबी-रुंदीच्या खोल्या काढलेल्या असत. आडोसे छपरापर्यंत पोहोचत नसल्यामुळे एका खोलीतील बोलणे शेजारच्या खोलीत ऐकू जाई. नळ एक, संडास समाईक आणि मधल्या मोकळ्या जागेत दगडांच्या ढिगावर कपडे वाळत घातलेले. धुणी धुणाऱ्या, परक्या घरी स्वयंपाक करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया आणि गोदीत रोजंदारीवर जाणारे पुरुष ही तेथील मुख्य वस्ती होती.

या जीवनाला साहित्यात प्रथम स्थान मिळाले तेही नाताळच्या निमित्ताने. १९२९ च्या नाताळला आल्फ्रेड मेंडिस आणि सी. एल. आर. जेम्स यांनी ‘त्रिनिदाद’ नावाच्या नियतकालिकाचा पहिला अंक काढला. त्यातील जेम्स यांच्या ‘ट्रायम्फ’ या कथेचा आरंभच बराकीच्या आवाराच्या वर्णनाने होतो. मेंडिस यांनी काही काळ स्वतः अशा आवारात राहून १९३५ मध्ये ‘ब्लॅक फॉन्स’ ही कादंबरी लिहिली. जेम्स यांची ‘मिंटी ॲली’ १९३६ मध्ये आली. सुशिक्षित वाचकवर्गाला या लेखनाने धक्का बसला. परंतु बराकींच्या दुरवस्थेविषयी शंका घेण्यास जागा उरली नाही. १९३७ च्या कामगार उठावानंतर लॉर्ड मॉइन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही आयोगाने १९३८-३९ मध्ये बेटांची पाहणी केली. त्याचा संपूर्ण अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेस्ट इंडीजमधील घरांच्या स्थितीवर अतिशय कठोर शब्दांत टीका आढळते.

४

अशा वस्तीत नाताळचा खर्च भागे कसा? त्याचे उत्तर ‘सूसू’ या संस्थेत सापडते. महाराष्ट्रातील वाचकास ती समजावून सांगण्याचे फारसे कारण नाही, कारण ती भिशीच होय. समजा, दहा जणींनी दर आठवड्यास एक शिलिंग द्यावयाचे ठरविले. प्रत्येक आठवड्यास जमलेले दहा शिलिंग एकीला मिळतात आणि दहा आठवड्यांत फेरा पूर्ण होतो. व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. पैसे गोळा करणारी बाई बहुधा वयाने वडील आणि चोख व्यवहाराबद्दल नावाजलेली असे. पाळी कोणाची हे पुष्कळदा तीच ठरवी. पाळीने मिळणाऱ्या रकमेस ‘हात’ म्हणत.

ही पद्धती आफ्रिकेतून आली, हे तिच्या नावावरूनच उघड होते. योरुबा भाषेतील ‘एसूसू’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे. मेलव्हिल आणि फ्रान्सिस हर्स्कोव्हिट्स या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने १९३९ मध्ये त्रिनिदादच्या टोको गावी अभ्यास केला व १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सूसूचे वर्णन केले. इतर बेटांत हीच संस्था वेगवेगळ्या नावांनी नांदते. जमेकात तिला ‘पार्टनर’ म्हणतात, बार्बाडोसमध्ये ‘मीटिंग टर्न’ आणि गयानात ‘बॉक्स हँड’. मळ्यावर ज्यांना स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती, त्यांनी समुद्रापलीकडून विश्वासाचा हा एक व्यवहार मात्र जपून आणला.

डिसेंबरचा हात सर्वांनाच हवा असे. ज्या बाईच्या घरी वर्षात मृत्यू झाला किंवा जिचा पुरुष काम गमावून बसला, तिला तो आधी द्यावा असा विचार गोळा करणारीने केला, तर त्यावर कुरकुर होई, पण सहसा बंड होत नसे. बँकेचे दार ज्यांना बंद होते, त्यांची पत शेजाऱ्यांच्या स्मरणात नोंदलेली होती. कोण कोणाच्या अडचणीला उभे राहिले याचा हिशेब नाताळच्या वेळी चुकता होई. म्हणूनच त्या दिवसांतील खर्च हा निव्वळ खर्च नव्हता. तो पत राखण्याचा मार्ग होता.

श्रमाची देवघेवही याच तत्त्वावर चाले. खेड्यांत शेतीच्या किंवा घरबांधणीच्या कामास शेजाऱ्यांनी मजुरी न घेता जमावे आणि घरधन्याने जेवण घालावे, या प्रथेला ‘गयाप’ म्हणत. शहरातील आवारात तिचे लहान रूप दिसे. एकीचा पलंग घासावयास दुसरीचा मुलगा येई. बदल्यात तिच्या पडद्यांना पहिलीच्या यंत्रावर शिवण घातली जाई.

५

तयारीचे केंद्र घर असे. नाताळच्या आधीच्या दिवसांत खोलीतील सारे सामान आवारात निघे. खुर्च्या-मेजांचे जुने रोगण काचकागदाने घासून काढीत आणि नव्याने चढवीत. त्याच्या वासावरूनच मुले सण ओळखीत. भिंतींना चुना लागे. तेवढी ऐपत नसेल तर जुन्या वर्तमानपत्रांचा थर चिकटविला जाई. गाद्यांतील काथ्या पिंजून उन्हात टाकीत. जमिनीवर लिनोलियमचा नवा तुकडा अंथरावयाचा आणि नवे पडदे लावावयाचे, ही कामे मुद्दाम नाताळच्या आदल्या रात्रीवर ठेवलेली असत. मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून परतलेल्या माणसाला आपली खोली अनोळखी वाटावी, अशी त्यामागील कल्पना होती.

अपुऱ्या खोलीवर इतके कष्ट का? डॅनियल मिलर यांनी १९९३ मध्ये संपादित केलेल्या नाताळविषयक ग्रंथात त्रिनिदादवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यांच्या मते त्रिनिदादच्या जीवनात कार्निव्हल हा रस्त्याचा सण आहे, तर नाताळ हा घराचा. बाजारातून आणलेली वस्तू घरात सजली, कुटुंबाची झाली, की तिचे बाजारूपण लोपते. मिलर यांचे निरीक्षण तेलाच्या भरभराटीनंतरच्या, तुलनेने सुस्थितीतील समाजाचे आहे. परंतु बराकींच्या इतिहासाला ते अधिकच लागू पडते. मळ्यावरील खोलीत गुलामाला ‘आपले’ म्हणावे असे काही नव्हते, आणि बराकीतील भाडेकरूलाही घरमालक केव्हाही बाहेर काढू शके. अशा माणसाने वर्षातून एकदा आपली खोली पाहुण्यास योग्य करावी, यात आपल्या घराच्या हक्काचा उच्चार होता.

६

घर सजले की चुलीकडे लक्ष वळे. नाताळच्या पदार्थांत बेटाचा सारा इतिहास एकत्र आलेला दिसतो. सुक्या मेव्याचा काळा केक हा इंग्रजी पुडिंगाचा वंशज. त्यात मनुका, बेदाणे आणि चेरी महिनोन्‌महिने रममध्ये मुरत ठेवीत आणि जाळलेल्या साखरेने त्याला काळा रंग आणीत. मक्याच्या पिठात मांस, ऑलिव्ह आणि मनुका भरून केळीच्या पानात गुंडाळलेले ‘पास्तेल’ व्हेनेझुएलाहून आले. तांबड्या अंबाडीच्या बोंडांचे लवंग-दालचिनी घातलेले सरबत आणि किसलेल्या आल्याचे उन्हात ठेवून आंबविलेले पेय घरोघरी होई. ही अंबाडी आफ्रिकेतून आली, आणि याच हंगामात येणारी तूर मूळची हिंदुस्थानातील असून आफ्रिकेच्या मार्गाने गुलामांबरोबर बेटांवर पोहोचली. ओल्या तुरीचे दाणे शिजविणारी बाई आणि महाराष्ट्रातील शेतकरीण यांच्यात एवढा एक धागा निश्चित आहे.

मानाचा पदार्थ मात्र हॅम, म्हणजे खारवून धुरावलेली डुकराची मांडी. ती परदेशाहून येई आणि तिची किंमत एका कुटुंबाला पेलणे कठीण असे. शिजविण्यासाठी एवढे मोठे भांडेही कोणाजवळ नसे. म्हणून घासलेटचा रिकामा डबा स्वच्छ करून आवारातच तीन दगडांवर चढवीत. रात्रभर जाळ लागे आणि त्याभोवती सारे आवार जागे राही. केकसाठी भट्टी नसल्यामुळे कोणी शेगडीवर पत्र्याची पेटी ठेवून तो भाजी, तर कोणी जवळच्या पाववाल्याच्या भट्टीत पाठवी. अशा रीतीने साधनांच्या उणिवेमुळेच स्वयंपाक सामुदायिक झाला. ज्याचा डबा त्याला एक तुकडा, ज्याचे सरपण त्याला एक तुकडा. आणि जिच्याकडे यांपैकी काहीच नव्हते, तिच्या दारातही ताट जाई, कारण तिला वगळून खाणे सर्वांच्या डोळ्यांदेखत करावे लागले असते. छपरापर्यंत न पोहोचणारे आडोसे दारिद्र्य जसे लपवीत नसत, तसे कृपणपणही लपवीत नसत.

कोपऱ्यावरील चिनी अथवा पोर्तुगीज दुकानदारही या देवघेवीत ओढला जाई. वर्षभर उधारीवर माल देणाऱ्या दुकानदाराने नेहमीच्या गिऱ्हाइकाला नाताळात एखादी लहानशी भेट द्यावी, असा संकेत होता. तो मोडणाऱ्याची गिऱ्हाइके जानेवारीत दुसरे दुकान धरीत.

सकाळ उजाडली की भेटी सुरू होत. बोलावणे कोणालाच नसे. दार उघडे असे आणि आत आलेल्याने काहीतरी तोंडात टाकल्यावाचून जाणे अपमानाचे मानले जाई. ग्रामीण भागातून, विशेषतः आरिमा, लोपिनो आणि पारामीनच्या बाजूने, ‘पारांग’ गाणाऱ्यांची परंपरा आली होती. चार तारांचे ‘क्वात्रो’ आणि खुळखुळे घेऊन हे गायक स्पॅनिश भाषेत ख्रिस्तजन्माची गीते गात दारोदार फिरत. प्रथम दाराशी उभे राहून प्रवेश मागणारे गीत, आत आल्यावर जन्माख्यान आणि शेवटी निरोपाचे गीत, असा त्याचा क्रम होता. यजमानाने खाणेपिणे द्यावे आणि गायकांनी घरावर आशीर्वाद चिंतावा. गीतांची भाषा अनेक श्रोत्यांना समजत नसे. तरीही मागणे आणि देणे यांची रीत सर्वांना कळत असे.

हिंदू आणि मुसलमान शेजारीही या वर्तुळाबाहेर राहिले नाहीत. नाताळात केकचा तुकडा त्यांच्या घरी जाई आणि दिवाळीत वा ईदेस मिठाईचे ताट परत येई. १९६६ मध्ये दिवाळी आणि ईद यांना सार्वजनिक सुटीचा दर्जा मिळाला. त्याच्या कितीतरी आधी शेजारधर्माने हे सण एकमेकांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचविले होते.

७

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून विवेचन पुरे होणार नाही. औदार्याचा मुख्य भार स्त्रियांवर होता. परक्या घरी नोकरी करणाऱ्या बाईला नाताळच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत मालकिणीचे घर सजवावे लागे. स्वतःच्या खोलीचे पडदे ती मध्यरात्रीनंतर लावी. दार उघडे ठेवण्याची सक्ती ज्यांना पेलत नसे त्यांना ती जाचक होती. अब्रूसाठी केलेले कर्ज पुढे कित्येक आठवडे फेडावे लागे. सूसूचे पैसे घेऊन एखादी व्यक्ती निघून गेली तर कायद्याची दाद मागणे कठीण. समाईक नळावर वर्षभर चालणारी भांडणे नाताळने मिटत, असे म्हणणेही भाबडेपणाचे होईल. ती फार तर थांबत.

शिवाय वरून येणारे दान पुरते नाहीसे झाले नाही. मळेवाल्याच्या वाटपाची जागा पुढे धर्मादाय संस्थांनी घेतली, आणि आज राजकीय पक्ष व व्यापारी कंपन्या डिसेंबरात गरीब वस्त्यांतून जिन्नसांच्या टोपल्या वाटतात. लोक त्या घेतात; पण रांगेत उभे राहून घेतलेली टोपली आणि शेजारणीने पदराआड झाकून आणलेले ताट यांतील भेद वस्तीला चांगलाच कळतो. टोपली देणारा पुन्हा भेटेल तो मत मागावयास. शेजारीण उद्या तुमच्याच दारी येणार असते, आणि तुम्हांला परतफेडीची संधी देणार असते.

८

१९४५ नंतर बराकी हळूहळू मोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी इमारती आल्या. इंग्लंड व अमेरिकेस गेलेल्यांकडून नाताळात पैसे आणि सामानाने भरलेली पिंपे येऊ लागली. घरोघरी भट्ट्या आल्या, घासलेटचा डबा अडगळीत गेला. लाव्हेंटील आणि पूर्व पोर्ट ऑफ स्पेनच्या वस्त्यांचे नाव गेल्या काही दशकांत टोळ्यांच्या हिंसाचाराशी जोडले गेले. ३० डिसेंबर २०२४ रोजी, नाताळच्याच दिवसांत, सरकारने देशात आणीबाणी जाहीर केली. १८०५ च्या लष्करी कायद्याशी तिची तुलना करता येणार नाही, कारण त्या वेळी भय मळेवाल्यांचे होते आणि आता ते मुख्यतः त्या वस्त्यांतील रहिवाशांचेच आहे. ज्या संस्कृतीचा पाया उघडे दार हा होता, तिच्या माणसांना दार लावून बसावे लागावे, हे या इतिहासाचे सर्वांत दुःखद प्रकरण म्हणावे लागेल.

तथापि सूसू टिकून आहे, केक भाजला जातो आणि पडदे आदल्या रात्रीच बदलले जातात. आरंभी उल्लेखिलेल्या आक्षेपाचे उत्तर आता देता येईल. बराकीतील नाताळ ही उधळपट्टी नव्हती. विमा, बँक आणि कायदा यांपैकी ज्यांच्या वाट्यास काहीच आले नव्हते, त्यांनी एकमेकांच्या आधाराने उभारलेली ती व्यवस्था होती, आणि वर्षातून एकदा सर्वांसमक्ष तिची प्रचीती घेतली जाई. परंतु तिचे महत्त्व केवळ उपयुक्ततेत नाही. ज्यांच्या पूर्वजांना नाताळात धन्याच्या हातून वाटप घ्यावे लागले, त्यांच्या वंशजांनी देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १८३८ मध्ये सरकारने वाचला असेल. त्याचा अर्थ मात्र दहा फुटांच्या खोलीत, पाहुण्याच्या हाती केकचा तुकडा ठेवताना लोकांनीच लावला.